पेढीने काय जवळ ठेवू नये

बँकेच्या संकेतस्थळावरचा आपला परवलीचा शब्द, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेला पासवर्ड, विसरला म्हणून खातेदार बँकेकडे विचारणा करावयास जातो, तेव्हा कोणतीही चांगली बँक तो शब्द त्यास सांगत नाही. ओळख पटविणारे दोनचार प्रश्न विचारून आणि मोबाइलवर एक ओटीपी धाडून ती त्यास नवाच शब्द ठरवावयास लावते. पुष्कळांस हा बँकेचा हटवादीपणा वाटतो, काहींस त्यात दक्षता दिसते. परंतु खरी गोष्ट अशी की, बँकेस तो शब्द ठाऊकच नसतो. जिच्या दप्तरी आपले नाव, पत्ता, जन्मतारीख, पॅन, आधार, उत्पन्न, कर्ज आणि वारस या सर्वांची नोंद असते, आणि जिच्या यंत्रांसमोर आपण तोच शब्द रोज टंकून आत प्रवेश मिळवितो, त्या संस्थेस तो शब्द माहीत नसावा हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते. तथापि आर्थिक व्यवहार करणाऱ्या संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचे जे शास्त्र गेल्या पन्नासएक वर्षांत उभे राहिले, त्याचा गाभा या एका गोष्टीत जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कशातही दिसत नाही. खजिन्याच्या भिंती जाड करणे हे त्या शास्त्राचे निम्मे काम आहे. खजिन्यात काय ठेवूच नये हे ठरविणे हे उरलेले, आणि माझ्या मते अधिक मोलाचे, काम होय.

शब्द ठाऊक नसताना तो बरोबर की चूक हे ओळखावयाचे कसे, याचे उत्तर गणिताने दिले आहे. काही गणिती क्रिया अशा असतात की त्या एका दिशेने निमिषार्धात करता येतात, पण हाती आलेल्या उत्तरावरून मूळ संख्येकडे परत जाण्याची वाट मात्र कोणालाही सापडत नाही. खातेदाराने ठरविलेला शब्द बँकेचे यंत्र अशा एखाद्या क्रियेतून काढते, तीतून निघालेला निरर्थक दिसणारा अंकाक्षरांचा दीर्घ क्रम, ज्यास या व्यवसायात हॅश म्हणतात, तेवढाच नोंदवून ठेवते आणि मूळ शब्द टाकून देते. पुढे खातेदार जेव्हा जेव्हा शब्द टंकतो तेव्हा तेव्हा तीच क्रिया पुन्हा करून नवा क्रम आणि नोंदीतला क्रम यांची रुजवात घातली जाते, आणि ते तंतोतंत जुळले तरच त्यास प्रवेश मिळतो. मूळ शब्दातील एका अक्षराचा फरकही सबंध क्रम पालटून टाकतो, त्यामुळे जवळपासचा अंदाज बांधून हळूहळू खऱ्या शब्दापर्यंत सरकत जाणे चोरास शक्य होत नाही.

एवढ्याने मात्र भागत नाही, कारण लोकांचे शब्द फार सारखे असतात. मुलाबाळांची नावे, देवतांची नावे, जन्मसाल, एकापुढे एक मांडलेले अंक, अशा लक्षावधी शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवलेली कोष्टके चोरापाशी असली, तर चोरलेल्या वहीतील क्रमांशी ती ताडून पाहण्याचेच काय ते उरते. 1979 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीच्या अनुभवावरून लिहिलेल्या एका निबंधात यावर दोन उपाय मांडले, ते आजही जसेच्या तसे अंमलात आहेत. पहिला असा की, प्रत्येक शब्दात सॉल्ट नावाची एक निराळी, यादृच्छिक भर मिसळावी, म्हणजे दोन खातेदारांनी योगायोगाने एकच शब्द निवडला असला तरी त्यांचे हॅश भिन्न निघतात आणि चोराची तयार कोष्टके निरुपयोगी होतात. दुसरा असा की, ती गणिती क्रिया मुद्दाम संथ करावी. प्रामाणिक खातेदारास क्षणाच्या अंशाचा विलंब जाणवतही नाही, पण कोट्यवधी शब्द एकामागून एक पडताळून पाहणाऱ्यास तोच विलंब वर्षानुवर्षांचा होतो. संगणकांचा वेग वाढत जाईल तसतसा हा संथपणाही वाढविता यावा अशी सोय 1999 साली निघालेल्या बीक्रिप्ट या पद्धतीने करून दिली. ही सारी विद्या जगापुढे मांडली गेल्यावर तीस वर्षांनी, 2009 मध्ये, रॉकयू या अमेरिकी कंपनीच्या कोठारातून सुमारे 3 कोटी 20 लाख लोकांचे परवलीचे शब्द चोरीस गेले, आणि ते सर्वच्या सर्व जसे टंकले तसेच लिहून ठेवलेले होते. भिंत तर तेथे पडलीच. परंतु तिच्याआड जे मुळात असावयासच नको होते तेही तेथे होते.

शब्द खातेदाराच्या हातून बँकेच्या यंत्रापर्यंत पोहोचावयाचा, तो किती परक्या हातांतून! घरातला अथवा उपाहारगृहातला वायफाय, दूरध्वनी कंपनीचा मनोरा, भूमिगत तारा, मधली अनेक यंत्रे, यांपैकी कोठेही कोणी टपून बसला असला तर येणारे जाणारे सर्व काही त्यास दिसते असे धरूनच व्यवस्था करावी लागते. मजकूर गूढलिपीत घालून पाठविणे ही कल्पना पुरातन आहे. अडचण अशी होती की त्या लिपीची किल्ली दोघांपाशी आधीपासून असावी लागे, आणि पूर्वी कधीही न भेटलेल्या लक्षावधी खातेदारांस अशी किल्ली कोणत्या मार्गाने पोचवावयाची? 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखविले की, किल्ली पोचविण्याचे कारणच नाही. दोघांनी एकेक गुप्त संख्या आपापल्या मनाशी धरावी, तिच्यावर एक ठरावीक क्रिया करून येणारे उत्तर उघडपणे एकमेकांस कळवावे, आणि समोरून आलेल्या उत्तरावर आपल्या गुप्त संख्येने तीच क्रिया पुन्हा करावी, म्हणजे दोघांच्याही हाती एकच संख्या येते. उलटपक्षी, दोन्ही उत्तरे कानांनी ऐकलेल्या तिऱ्हाईतास ती संख्या काढता येत नाही. विसाव्या शतकातील जे थोडे शोध मला निखळ सुंदर वाटतात त्यांत मी याची गणना करतो. ब्रिटनच्या सरकारी गुप्तलिपी खात्यातील गणितज्ञांस हीच युक्ती थोडी आधी सुचली होती. पण ती 1997 पर्यंत दडवून ठेवली गेली, आणि तिचा जगास काडीचाही उपयोग झाला नाही. गुप्ततेच्या या शास्त्राची पद्धत उघड असावी, शेकडो टीकाकारांनी ती तावून सुलाखून पाहावी आणि गुप्त राहावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व येथे किती उपकारक ठरले आहे, हे यावरून दिसून येईल.

या शोधावर उभारलेली व्यवस्था नेटस्केप या कंपनीने 1995 साली ब्राउझरमध्ये आणली, 1999 मध्ये तिला टीएलएस हे नाव मिळाले, आणि 2018 साली निघालेली तिची 1.3 ही आवृत्ती आज सर्वांत भरवशाची समजली जाते. या आवृत्तीने केलेली एक सुधारणा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. पूर्वी पुष्कळ संकेतस्थळे आपल्या एकाच कायमच्या किल्लीच्या आधारे प्रत्येक संभाषणाची गुप्तता राखीत. सबब, वर्षभराचा गूढ मजकूर कोणी नुसता साठवून ठेवला आणि पुढे केव्हातरी ती किल्ली त्याच्या हाती लागली, तर मागचे सर्व संभाषण त्यास वाचता येई. नव्या आवृत्तीने ती रीत बंद केली. आता प्रत्येक संभाषणासाठी नवी किल्ली निर्माण होते आणि काम संपताच ती नष्ट केली जाते, त्यामुळे बँकेची कायमची किल्ली उद्या चोरीस गेली तरी काल झालेले संभाषण उलगडत नाही.

मजकूर वाचता न येणे एवढेच पुरेसे नसते. तो वाटेत बदलला गेलेला नाही याचीही खात्री लागते. पेशवाईतील कारकून पत्राचा मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब उठवीत, जेणेकरून मागाहून कोणास त्यात एक ओळही घुसडता येऊ नये, आणि कागदाला कागद जोडून केलेल्या लांब बंदांच्या जोडांवर पाठीमागून शिक्के मारीत. टीएलएसमध्ये संदेशाच्या प्रत्येक तुकड्यासोबत गुप्त किल्लीच्या साहाय्याने काढलेली एक खूण जाते, आणि तुकड्यातला एक अंश जरी वाटेत पालटला तरी ती जुळत नाही व संभाषण तेथेच तोडले जाते. पाच हजार रुपयांचे पन्नास हजार होत नाहीत, की पैसे पावावयाचा खातेक्रमांक बदलत नाही, ते या खुणेमुळे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न उरतो. आपण ज्याच्याशी इतक्या गुप्तपणे बोलत आहो तो खरोखर आपली बँकच आहे कशावरून? यासाठी प्रमाणपत्रांची पद्धत आहे: ब्राउझरने ज्यांवर विश्वास ठेवावा असे ठरलेले आहे अशा काही संस्था, अमुक नावाचे संकेतस्थळ अमुक किल्लीचे धनी आहे, अशी सही करून तसदीक देतात. ही साखळी तिच्यातील सर्वांत गाफील संस्थेइतकीच मजबूत असते, हे 2011 साली कळून आले. त्या वर्षी नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या यंत्रांत कोणी शिरून पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निर्माण केली, त्यांच्या आधारे इराणमधील लोकांचा गूगलशी चाललेला पत्रव्यवहार चोरून वाचला गेला, आणि विश्वास गमावलेल्या त्या कंपनीचे काही आठवड्यांत दिवाळे निघाले. 2014 मध्ये आपल्याकडेही, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळून येताच, ती रद्द करावी लागली. अशा अनुभवांतून दोन सुधारणा रूढ झाल्या: दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र कोणासही पाहता येईल अशा सार्वजनिक नोंदवहीत चढविणे, आणि प्रमाणपत्रांची मुदत आखूड करीत नेणे. 2020 मध्ये ही मुदत 398 दिवसांवर आणली गेली, आणि 2029 पर्यंत ती 47 दिवसांवर आणण्याचे ठरले आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण त्यापायी पुष्कळ भल्या माणसांनी आयुष्याची पुंजी गमावली आहे. ब्राउझरच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप हे संकेतस्थळ प्रामाणिक असल्याचे चिन्ह आहे, अशी समजूत वर्षानुवर्षे पसरविण्यात आली. वस्तुतः ते कुलूप एवढेच सांगत होते की, आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली वाट सुरक्षित आहे. भामट्याने बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव नोंदविले, त्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळविले, तर त्याच्याही दाराशी तेच कुलूप दिसे. यास्तव गूगलने 2023 साली क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले. भारतीय रिझर्व्ह बँकेने योजलेला उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे: फेब्रुवारी 2025 मध्ये तिने जाहीर केले की, देशातील बँकांनी आपली संकेतस्थळे बँक डॉट इन या खास नावाखाली आणावीत; त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत घालून दिली, आणि हे नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे सोपविला. पत्त्याचा शेवट डॉट बँक डॉट इन असा आहे की नाही, एवढे पाहणे निरक्षराहून थोडे अधिक शिकलेल्या माणसासही जमते. आणि सुरक्षेची जी खूण सामान्य माणसास ओळखता येते तिचे मोल मी कोणत्याही गहन गणिताइतकेच समजतो.

एका गुपितावर सर्व भार टाकू नये, हेही तत्त्व आपल्याकडे लवकर मान्य झाले. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने 1 ऑगस्ट 2009 पासून कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांस दुसरी ओळख सक्तीची झाली, आणि त्यातूनच ओटीपी घरोघरी पोचला. त्याचे सामर्थ्य त्याच्या अल्पायुष्यात आहे. परंतु ओटीपी हाही माणसाच्या तोंडून वदविता येतो. पोलीस असल्याची बतावणी करणारा अथवा वीज तोडण्याची धमकी देणारा आवाज तो क्षणात काढून घेतो, आणि मग संकेतस्थळाची सर्व तटबंदी शाबूत असूनही लूट होते. याहून पुढची पायरी पासकी ही आहे. तीत खातेदाराच्या फोनमध्ये दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. गुप्त किल्ली खातेदाराच्याच ताब्यात राहते आणि बँकेकडे उघड किल्ली तेवढी जाते, जी चोरून कोणाचाही लाभ होत नाही. शिवाय ही जोडी संकेतस्थळाच्या नेमक्या नावाशी बांधलेली असल्यामुळे, नकली संकेतस्थळापुढे खातेदार कितीही फसला तरी फोन फसत नाही. भोळ्या माणसास शहाणे करण्याऐवजी त्याच्या भोळेपणातून होणारे नुकसानच अशक्य करून टाकणारी ही रचना मला न्याय्य वाटते.

जवळ न ठेवण्याच्या तत्त्वाचा आपल्या देशातील सर्वांत व्यापक प्रयोग कार्डांच्या बाबतीत झाला. एकेकाळी आपण जेथे जेथे खरेदी करू त्या प्रत्येक दुकानदाराच्या संगणकात आपल्या कार्डाचा सबंध क्रमांक पडून राही. 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालविणारी संस्था यांच्याखेरीज कोणासही तो साठविण्याची मनाई आहे. दुकानदाराकडे आता टोकन नावाचा एक प्रतिनिधी-क्रमांक आणि ओळखीपुरते शेवटचे चार अंक असतात. ते टोकन त्याच दुकानापुरते चालते, त्यामुळे एका दुकानाची वही फुटली तरी त्यातील टोकन दुसऱ्या दुकानी कवडीमोल ठरते. आधारच्या बाबतीतही तो क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाने 2017 साली अशीच तजवीज केली: मूळ क्रमांक एका निराळ्या, बंदिस्त कोठारात ठेवावा आणि दैनंदिन कामात त्याऐवजी एक संदर्भ-क्रमांक वापरावा.

हे न केल्यास काय होते, हे पाहण्यासाठी इक्विफॅक्सच्या प्रकरणाइतका बोधक दाखला नाही. लोकांच्या कर्जफेडीची पत मोजणारी ही मोठी अमेरिकी संस्था. ग्राहकांनी आपल्या तक्रारी नोंदवाव्यात म्हणून तिने एक संकेतस्थळ चालविले होते. मार्च 2017 मध्ये त्या संकेतस्थळामागील अपाची स्ट्रट्स या प्रणालीतील एक गंभीर दोष जाहीर झाला, त्याच वेळी त्यावरची दुरुस्तीही उपलब्ध झाली, सरकारी इशाराही मिळाला. पण त्या एका यंत्रावर ती दुरुस्ती झाली नाही. मे महिन्यात चोर त्या वाटेने आत शिरले. आत त्यांना काय मिळाले? परवलीचे शब्द साध्या लिपीत लिहिलेली एक नोंद, जिच्या बळावर ते आणखी अठ्ठेचाळीस माहितीकोठारांत फिरू शकले. बाहेर जाणाऱ्या मजकुरावर नजर ठेवणारे एक यंत्र तेथे होते खरे, परंतु त्याचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेले असल्यामुळे ते आंधळेपणाने सर्व काही जाऊ देत होते. 29 जुलै रोजी ते प्रमाणपत्र नवे करताच संशयास्पद रहदारी दिसू लागली. तोवर 76 दिवस लोटले होते आणि सुमारे 14 कोटी 70 लाख माणसांची नावे, जन्मतारखा व सामाजिक सुरक्षा क्रमांक बाहेर गेले होते. यातील एकही चूक मोठी म्हणता येणार नाही. एक दुरुस्ती राहिली, एक मुदत टळली, एक वही उघडी पडली. आणि ज्यांनी त्या संस्थेशी स्वतः होऊन कधी व्यवहारही केला नव्हता अशा माणसांस त्याची झळ लागली.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या हल्ल्याने याच धड्याची दुसरी बाजू दाखविली. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचू न देता, एका नकली स्विचने, म्हणजे मधल्या बनावट यंत्रणेने, त्या परस्पर मंजूर केल्या. 11 ऑगस्टच्या काही तासांत 28 देशांतील एटीएममधून आणि 13 तारखेस हाँगकाँगकडे धाडलेल्या रकमेतून एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. ग्राहकांच्या खात्यांतील पैसा सुरक्षित असल्याचे बँकेने सांगितले. तोटा बँकेचा झाला. एका यंत्राने दुसऱ्याचा होकार न पडताळता खरा मानावा, याचा तो परिणाम होता. 2019 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी त्यांच्या व्यवहारांच्या व्याप्तीप्रमाणे चढत्या श्रेणीची सुरक्षा-चौकट घालून दिली, आणि एप्रिल 2022 च्या आदेशाने, असा प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या शासकीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक झाले.

खातेदाराच्या हक्काची बाजू रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने स्पष्ट केली. बँक किंवा खातेदार यांपैकी कोणाचाही दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि खातेदाराने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याची जबाबदारी शून्य. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. हे शेवटचे कलम फारच थोड्या खातेदारांस ठाऊक असते, आणि दाराशी हेलपाटे घालणाऱ्यास ते कोणी आपण होऊन सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

जवळ न ठेवण्याचे हे तत्त्व एका ठिकाणी मात्र अद्याप कच्चे आहे. संकेतस्थळावर आधारचे पहिले आठ अंक झाकलेले दिसतात, आणि त्याच बँकेच्या शाखेत केवायसीच्या नावाने घेतलेल्या छायाप्रती, खाते उघडताना एक, कर्जाच्या वेळी एक, पत्ता बदलताना आणखी एक, अशा साचत जातात. काळ्या पैशास आळा घालणाऱ्या 2002 च्या कायद्याप्रमाणे खातेदाराच्या ओळखीचे दस्तऐवज खाते बंद झाल्यावर पाच वर्षे जपणे बँकेस भाग आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु पाच वर्षे ही कमीत कमी मुदत असता ती अनंत मुदत समजण्याची रीत पडून गेली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो हेतू संपल्यावर, दुसरा कोणताही कायदा ती ठेवावयास सांगत नसेल तर, ती नष्ट करण्याचे बंधन घातले असून, सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि बहुतेक मुख्य बंधने त्यापुढे अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. त्यानंतर, जुने खाते बंद करून पाच वर्षे उलटून गेलेला माणूस आपले कोणते कागद अद्याप बँकेच्या संगणकात आहेत आणि ते कोणत्या कारणास्तव, असे तिला लेखी विचारू शकेल, आणि सांगण्याजोगे कारण नसेल तर ते नष्ट करविण्याचा हक्कही त्यास राहील.